वहीतली कोरी ओळ

सोमवार, ३
पोचलो. बसमध्ये गुडघे आखडले होते, पण दादा पिशवी घ्यायला स्टँडवर उभा होता. बरं वाटलं. दादाच्या समितीची कचेरी म्हणजे पत्र्याची एक खोली. टेबल, दोन खुर्च्या, शाईचा पॅड. खिडकीसमोरच डोंगरवाल्यांचं राखलेलं रान. तिथल्या झाडाला पिढ्यान् पिढ्या कुऱ्हाड लागलेली नाही. आता सरकारनं त्यातून रस्ता काढायचा घाट घातलाय. पुढच्या शनिवारी, १५ तारखेला, सुनावणी आहे. तोवर येईल त्याची हरकत वहीत उतरवायची आणि सही घ्यायची. मी चौथी नापास, पण चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अक्षर मोत्यासारखं. दादाचं म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून बोलावलं असणार, मायेनं नव्हे. असो, जागा छान आहे.

मंगळवार, ४
एकशे बारा सह्या झाल्या. नर्स, ड्रायव्हर, शिंपी, सगळे आले. जो तो दादालाच विचारतो. मी म्हणजे ‘दादांचे धाकटे’. अडुसष्टाव्या वर्षी धाकटे. डोंगरावरच्या आजीनं दादासाठी मध आणला, माझ्याकडे नुसतं बघितलं.
वहीतली पहिली ओळ कोरी आहे, दादाचं नाव दुसऱ्या ओळीत. आजी म्हणाली, ती ओळ रानाची. तिथं ज्याचं नाव पडेल तो रानाचा राखणदार, मग तो घरचा उरत नाही. दादा म्हणाला, याची काळजी नको, लहानपणी कोंबड्या राखायला बसवला तर घोरत पडला होता. सगळे हसले. मीही हसलो. शाईच्या पॅडचं झाकण मात्र आपटून लावलं.

गुरुवार, ६
पेपरवाला आला. वहीसकट दादाचा फोटो काढला. मला म्हणाला, काका, जरा सरका, सावली पडतेय. पानावर कोंबडीचे पाय सगळ्यांच्या वर. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी ब्रश काढला. कोऱ्या ओळीत माझं नाव घातलं, पाटीवर घालतो तसं, अक्षरांना सावली देऊन. झकास दिसलं.

शुक्रवार, ७
आजीनं वही उघडली, पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं. मग माझ्या शेजारी येऊन विचारलं, घरी कोण असतं. म्हटलं, बायको गेली, मूलबाळ नाही. म्हणाली, मग बरं. आजचा मध मला दिला. दादाचं तोंड एवढंसं झालं. होऊ दे.

रविवार, ९
वहिनीनं दोनच ताटं घेतली. मी पाटावर बसलेलो. मग म्हणाली, अगं बाई, भावोजी, विसरलेच. कचेरीत एका बाईनं खुर्चीवर पिशवी ठेवली. खुर्चीत मी होतो. पिशवी माझ्या मांडीवर.

मंगळवार, ११
ब्लेडनं नाव खरवडलं. खाली तेच नाव, आणखी काळं. पुन्हा खरवडलं. कागदातून चीक आला. बोटांना ओल्या सालीचा वास येतोय, साबणानं जात नाही.
दादा वहिनीला म्हणाला, धाकटा न सांगताच गेला वाटतं, पहिल्यापासून असाच. मी समोर उभा होतो. बाही ओढली त्याची, त्यानं माशी झटकावी तसं —

गुरुवार, १३
बसवत नाही आता. उभं राहिलं की बरं वाटतं. पाय आपोआप रानाच्या हद्दीच्या दगडापर्यंत जातात. तिथं आजी होती. तिला मी दिसतो. तिचे पाय धरले, म्हटलं, नाव काढ. म्हणाली, मागच्या वेळच्या वहीत माझ्या नवऱ्याचं होतं, ते तरी कुठं निघालं. आम्ही कुणाचं नाव घालत नाही लेकरा, आपल्या हौसेनं येणारा लागतो. तिनं शेजारच्या झाडावरून हात फिरवला. झाड —
नको.

शनिवार, १५
टाळ्या ऐकू येतायत. रस्ता रद्द झाला. दगडापाशी आहे. पाय उचलत नाहीत. पेन्सिल धरवते तोवर —
सगळे इकडंच येतायत. दादाला खांद्यावर घेतलंय. त्याला का. पहिलं नाव माझं.
वही उघडली त्यानं. विचारतोय, अक्षर झकास आहे, पण हा माणूस कोण. कुणालाच माहीत नाही.
खाली उतरून माझ्याच अंगाला टेकून उभा आहे. माझ्या सालीवर पाठ खाजवतोय. दादा, बघ ना, वर मी, खाली तू. एकदा तरी मला धाकट्या म्हणून