शेरॅटबाईंना पसंत पडावा असा कप

लाँगटन, ९ मार्च १९५८

प्रिय मॉडआत्या,

सप्रेम नमस्कार. तुझ्या नाताळच्या पत्राला मार्चात उत्तर देतो आहे, लाज वाटते. रोजनिशीत मी रोज 'आत्याला पत्र लिहिणे' असं नेमानं लिहीत होतो आणि तेवढ्यानंच पत्र लिहिल्याचं समाधान होऊन जात होतं. तुझी तब्येत कशी आहे? काकांचा गुडघा कॅनडाच्या थंडीत वाकतो का? तिकडे तुला कोणी आपल्या गावासारखं लाडानं 'बदका' म्हणून हाक मारत नाही हे वाचून वाईट वाटलं. इथं कालच आपल्या कसायानं मला एका वाक्यात दोनदा बदक केलं.

उशीर झाला तो हाडांमुळे. (माझी ठीक आहेत. बैलाची म्हणतोय.) आयव्ही शेरॅटशी लग्न करायचं माझ्या मनात आहे, हे तू ओळखलंच आहेस. मी चव्वेचाळीसचा, ती एक्केचाळीसची, कायद्यानं कोणाला विचारायला नको. पण आईला दुखवून ती उंबरठा ओलांडणारी नव्हे, आणि शेरॅटबाई काय चीज आहे हे मी तुला काय सांगावं? कपबश्यांच्या कारखान्यात माल निवडायच्या टेबलाशी तू त्यांच्याच शेजारी बसायचीस. खणखणाटासाठी नखाची टिचकी, आरपार उजेडासाठी एक नजर, आणि कप पास, नाहीतर कचऱ्यात. आयव्हीला मागणी घालणारे दोघे त्यांनी असेच काढले. (टिचकी मारली होती की नाही, ते कळलं नाही.)

जानेवारीत त्यांच्याकडे चहाला गेलो असता मी म्हणालो, की बोन चायनात, आपल्या त्या नाजूक चिनीमातीत, आहे काय एवढं? निम्मी जाळलेली हाडं, निम्मी माती. चिनीमातीवर जगणाऱ्या लाँगटनमध्ये, शेरॅटबाईंच्या टेबलावर, हे मी बोललो. त्यांनी बशी खाली ठेवली. "मग करून आणा की एक कप, मास्तर. इतिहास शिकवता म्हणजे सगळंच येत असेल. कप धड आला तर पुढचं बोलू." पुढचं म्हणजे काय, हे आम्हा तिघांनाही कळलं. निदान मला तरी कळलं.

हाडं आणायला गेलो तर कसाई म्हणाला, "सूपाला का, बदका?" म्हटलं, नाही, कपाला. तेव्हापासून तो माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलतो. चरबी सुटावी म्हणून परसातल्या धुण्याच्या हंड्यात हाडं उकळत ठेवली. वासावर गल्लीतली कुत्री आली आणि त्यांच्या मागोमाग शेजारीण वाडगा घेऊन आली. तिला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "द्यायचं नसेल तर नको देऊस, पण आजारी बाईशी खोटं बोलू नये." मग दिलं. (ती आजारी नव्हती. दोघांपैकी जास्त खोटं कोण, यावर मी रोजनिशीत दीड पान लिहिलं आहे.)

उकळलेली हाडं शाळेत चित्रकलेच्या वर्गातल्या मातीकामाच्या भट्टीत जाळली. गॅस गळतोय समजून हेडमास्तरांनी सगळी शाळा मैदानात काढली, आणि मी माझ्या वर्गाची हजेरी शांतपणे घेतली. हजेरी संपल्यावर मात्र राहवेना, जाऊन कबुली दिली. ते एवढंच म्हणाले, "मेचिन, हाडं आपल्या ओळखीच्या कोणाची नाहीत ना?"

पहिली राख निघाली चहाच्या रंगाची, कारण कसायाकडची हाडं कमी पडली म्हणून मी शेजारपाजारची डुकराची, मेंढीची, सगळी घातली होती. नुसत्या बैलाच्या हाडांची राख मात्र अशी पांढरीशुभ्र निघाली की मी एकटाच हसत सुटलो. मग कप. पहिला भट्टीत गेला तेव्हा मोठा मग होता, बाहेर आला तेव्हा त्यात अंडंसुद्धा अंग चोरून बसलं असतं. दुसरा दमून कडेला टेकला. तिसऱ्याचा कान गळून बुडाला चिकटला. अखेर एक उभा राहिला. जवळजवळ उभा.

काल तो घेऊन गेलो. शेरॅटबाईंनी टिचकी मारली. बटाट्याला मारल्यासारखा आवाज आला. खिडकीशी धरला. त्यातून उजेड तर नाहीच, त्याच्यामागे खिडकी आहे असाही संशय येईना. "आयव्ही, चहाला गरम पाणी आण," एवढंच त्या बोलल्या आणि माझ्यापुढे हॅम आणि बीटची बशी सरकवली. मी खचलो. आणि खचलेल्या अवस्थेत, आत्या, मी ते केलं जे आपल्या गावचा प्रत्येक माणूस परक्याच्या ताटाला करतो: कुठल्या कारखान्याचा शिक्का आहे ते बघायला बशी उलटी केली. भरलेली. हॅम मांडीवर, बीट गालिच्यावर, आणि बशीच्या पाठीवर स्वच्छ अक्षरांत 'जर्मनी'.

हातातून बशी सुटली आणि फुटली. शेरॅटबाईंनी शिक्क्याचा तुकडा झटकन उचलून एप्रनच्या खिशात टाकला. "मँचेस्टरहून आणल्या," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तिथं मला कोणी ओळखत नाही. तो निळा रंग बघितलास ना? आपल्याकडे नाही जमत रे तसा." मी म्हणालो, मला बीटशिवाय काही दिसलं नाही. त्यांनी मला कपासारखं न्याहाळलं. मला वाटलं, आता टिचकी मारतात. "कप तुझा कचऱ्यात," त्या म्हणाल्या, "तू चालशील."

हा होकार मी कमावला की त्यांचं गुपित हाती धरून, दाबून मिळवला? रात्रभर विचार केला. पण मधेमधे इतकं हसू येत होतं की विचार पुढे सरकेना.

तुझा भाचा,
एडगर

ता. क. यातलं अक्षरही शेरॅटबाईंना लिहू नकोस. मी कोणाला सांगणार नाही असा त्यांना शब्द दिला आहे. तू कॅनडात आहेस, म्हणून तू मोजण्यात येत नाहीस असं धरलं.

ता. क. २. पत्राचं खरं कारण: तुमच्याकडच्या मोठ्या दुकानात निळ्या काठाची, सोनेरी रेघेची जर्मन बशी मिळते का बघ. एकच. इथं कोणी मला ती घेताना पाहिलं तर शाळेतली नोकरी जाईल. पार्सलवर 'लोकरी मोजे' लिही.

ता. क. ३. आयव्ही काय म्हणाली, हे तू विचारशीलच. ती तोवर स्वयंपाकघरातच होती. आणि या हाडांच्या गडबडीत, आत्ता लिहिताना लक्षात येतंय, मी तिला अजून काहीच विचारलेलं नाही.

रोजनिशीत आत्ताच लिहून ठेवलं. उद्याचं काम: आयव्हीला विचारणे.