एकशेसाठ नंबरचा जेट

उल्हासनगर, कॅम्प नं. ३
दि. ६ फेब्रुवारी १९९३

ती. सौ. वेणूताईस,
हिंदुरावचा सा. न. वि. वि.

खुशाली वगैरे काही नाही. डोकं फिरलंय. काल मुरलीच्या फियाटचं इंजिन माथेरानच्या चढणीला फुटलं. नेरळ सोडलं, तिसऱ्या वळणावर टर्बोने जोर धरला आणि खाडकन आवाज. पिस्टनला रुपयाएवढं भोक! आणि गॅरेजभर बोभाटा काय, तर हिंदूने मिक्श्चर चुकवलं.

ताई, मी चुकवलं? तो टर्बो इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त तर पेट्रोलही जास्त पाहिजे, नाहीतर आतली आग पिस्टनच खाते. एवढं तर कॉलेज सोडलेल्यालाही कळतं. म्हणून कार्ब्युरेटरमध्ये मी एकशेसाठ नंबरचा जेट बसवला होता. जेट म्हणजे पेट्रोल येतं ती भोकाची पितळी गुंडी. नंबर मोठा, भोक मोठं. पंधरा दिवस प्लग काढ, रंग बघ, परत बसव, हेच केलं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. माझे चारही चॉकलेटी होते! काल काढले तर चुन्यासारखे पांढरे. कार्ब्युरेटर खोलला तर आत एकशेवीसचा जेट. गॅरेजातल्या सदूचंच काम. आधीपासून जळतो मला. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर त्याची कॉलर धरतो की नाही बघ.

वाईट पुढेच आहे. टर्बोचा पाइप अंबरनाथच्या कोंडाजींनी लेथवर करून दिला होता, म्हणून मुरली त्यांना सांगून आला. ते म्हणाले म्हणे, अर्धं कॉलेज, अर्धा मेकॅनिक, शंकररावांचा मेहुणा म्हणून माझ्या पोरीसाठी, गोदूसाठी विचार करत होतो, आता तो सोडला. अरे, न्याय आहे का नाही! शंकररावभावोजी कंपनीत त्यांच्याच शिफ्टला असतात. त्यांनी कोंडाजींना ठणकावून सांगावं. त्यांचा शब्द कोंडाजी मोडणार नाहीत.

पोरांना पापा. माया असू दे, इकडे तिचा तुटवडा आहे.

तुझा,
हिंदुराव


बदलापूर गाव
दि. ९ फेब्रुवारी १९९३

चि. हिंदुरावास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. गोदूचं नाव एकदा आणि प्लग, पिस्टन, जेट ओळीओळीला. लग्न कुणाशी करायचंय ते एकदा ठरव.

आता बसून वाच. सदूला हात लावू नकोस. जेट ह्यांनी बदलला.

इंजिन फुटण्याआधीच्या रविवारी तू गाडी दाखवायला आणलीस, जेवलास आणि घोरत पडलास. हे गाडीभोवती फिरत होते. धूर काळा दिसला, पेट्रोलचा वास आला. आळीतल्या सगळ्यांच्या स्कूटरी हे अ‍ॅव्हरेजला लावून देतात, तुला ठाऊक आहे. तुझ्या हत्यारांच्या पिशवीत तो लहान भोकाचा, एकशेवीसचा जुना जेट सापडला, तो बसवला. वाटलं, मुरली म्हणेल हिंदूने काय अ‍ॅव्हरेज काढलं. तुझंच नाव व्हावं म्हणून केलं रे.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचत होते. जेटाशी आले आणि ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. कोंडाजींसमोर ह्यांची मान खाली जाऊ देऊ नकोस. बाबा गेल्यावर तुला कुणी सांभाळलं, ते मी लिहायला नको.

राग आवर, पत्र टाक.

तुझी,
वेणूताई


उल्हासनगर
दि. १२ फेब्रुवारी १९९३

ती. सौ. ताईस, सा. न.

अ‍ॅव्हरेज! टर्बोच्या गाडीला अ‍ॅव्हरेज! घोड्याला अर्धपोटी ठेवून शर्यतीत सोडलं भावोजींनी! माझे पंधरा दिवस पाण्यात, नाव मातीत, गोदू हातची गेली, आणि वर मीच गप्प बसायचं? कुठला कायदा हा? सदूची कॉलर वाचली, एवढं तुझ्या पत्राने केलं. बाकी मी कुणाचं ऐकणार नाही. रविवारी स्वतः कोंडाजींकडे जातोय.

नमस्कार तुला. भावोजींना नाही.

हिंदुराव


बदलापूर गाव
दि. १७ फेब्रुवारी १९९३

चि. हिंदुरावास आशीर्वाद.

रविवारी गेलास की नाही, काही कळवलं नाहीस. हे कंपनीत कोंडाजींबरोबर डबा खात नाहीत. मागच्या दाराशी एकटे बसतात म्हणे. काल कबूल करायला म्हणून त्यांच्या घरापर्यंत गेले आणि कोपऱ्यावरून परत आले. मला म्हणाले, हिंदूने माझं नाव घेतलं तरी चालेल, त्याचा हक्क आहे. मी काय सांगणार? तुला वाटेल ते कर. पण जेवत जा.

वेणू


उल्हासनगर
दि. २२ फेब्रुवारी १९९३

ती. सौ. वेणूताईस, सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी कोंडाजी गावाला होते, म्हणून काल गेलो. सांगितलं, जेट माझा नव्हता, कुणीतरी बदलला. कुणी ते त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, चढणीला लावण्याआधी प्लग काढून बघितलास का? नव्हता बघितला, ताई. म्हटलं, घाई होती.

तर आतून गोदूचा आवाज! घाई कसली, म्हणाली, त्या सकाळी हा अर्धा तास आपल्या चाळीसमोर उभा राहून पुसलेलीच काच पुसत होता, तेवढ्यात चार काय चाळीस प्लग बघून झाले असते. बापासमोर! माझ्याविरुद्ध साक्ष! माझं टाळकं असं सटकलं की ओरडलोच, काच कुणासाठी पुसत होतो ते विचारा तिला!

कोंडाजींनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलंच नाही. गोदूला विचारलं, अर्धा तास झाला हे तुला कसं ग कळलं? आत भांडं पडल्याचा आवाज तेवढा आला.

मग मला म्हणाले, चूक तुझीच, दुसऱ्यावर ढकलू नकोस. मुरलीचं इंजिन आधी नीट बांध, आणि येत्या रविवारी घरातलं मोठं माणूस घेऊन ये. वर म्हणाले, शंकरराव हल्ली डब्याला येत नाहीत, त्यांना सांग, माणसाने एकटं जेवू नये. मी नाव घेतलं नव्हतं, ताई, शप्पथ.

आता भावोजींना सांग, तोंड लपवणं पुरे. माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही, लग्नात अक्षता टाकतानासुद्धा त्यांना सुनावणार आहे. पण मोठं माणूस मला एकच आहे. ते आले नाहीत तर बोलणीबिलणी काही नाही, मीसुद्धा जाणार नाही.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून चार वाजता अंबरनाथला उतरावं. मी रिक्षा स्टँडवर उभा असेन.

त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
हिंदुराव