धवल्यात घ्यायची दोन नावं

पनवेल,
शिमग्यानंतरचा गुरुवार, १९६०

प्रिय वेणू,

हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आधी काळूराम ते फोडणार, हे मला माहीत आहे. तेव्हा काळूराम, वाचतोयसच तर नीट वाच, आणि वाचून झालं की चुलीत घालू नकोस, बहिणीला दे. लपवून धाडायचं असतं तर चिरनेरच्या चार बायका पनवेलच्या बाजारात भेटतात, कुणाच्याही पाटीत घातलं असतं. नाही घातलं. तिकीट लावून, वर तुझं नाव आणि खाली तुझ्या बाबांचं नाव लिहून पोस्टानं धाडतोय.

महादेवच्या दुकानात बसून लिहितोय. हा महादेव मोटारींच्या बॅटऱ्या चार्ज करतो. आमच्या सुकापूरच्या रेडिओची बॅटरीही त्याच्याकडेच असते. दर पंधरा दिवसांनी ती सायकलला बांधून आणायची, ॲसिड सांडू न देता, आणि पाच वाजेपर्यंत थांबायचं. माझ्या एकूण एक सदऱ्याला भोकं पडलीत. महादेवनं एक मुंगूस पाळलंय, ते आत्ता माझ्या चपलेवर येऊन बसलंय. पण ते राहू दे.

मी परत आलो हे तुला कळलं असेलच. कृष्णाआत्यानं कळवलं नसेल, पण वाऱ्यानं कळतं. आपल्या साखरपुड्याला आठ दिवस असताना मी सिनेमाच्या तंबूबरोबर पळालो. पेण, माणगाव, महाड, पुढे पार रत्नागिरीपर्यंत. तिथे इंजिन चालवायला शिकलो, कर्ण्याच्या तारा जोडायला शिकलो. रोज नवं गाव, त्याचीच मजा वाटायची. वर्षभरात तंबू फाटला, मालक आजारी पडला आणि गेल्या ज्येष्ठात मी आत्याच्या दारात उभा राहिलो. आईबापामागं तिनंच मला वाढवलं. तिनं भाकरी वाढली आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, पायाला चाकं लावलीयेस ती काढून ठेव. बस, एवढंच.

त्याच महिन्यात सरकारचा रेडिओ गावात आला. लाकडी पेटीत कुलूपबंद, चावडीत ठेवलेला. हात लावायला सगळे घाबरत होते. बिघडला तर सरकारला काय सांगायचं? सरपंच तुळशीरामकाकांनी शेवटी मला बोलावलं आणि पेटीची किल्ली माझ्या गळ्यात बांधली. करगोट्याला नको म्हणाले, विहिरीत पडेल. तेव्हापासून दहा महिने मी सुकापुरात आहे, वेणू. एकही संध्याकाळ चुकवलेली नाही. तुला खरं वाटणार नाही, मलाही वाटत नाही.

पण मला त्यात गोडी लागली त्याचं कारण सांगतो. या पेटीतलं काहीही अर्ध्या तासाच्या वर टिकत नाही. सकाळी भजनं, मग बातम्या, मग कुणी तरी सनई वाजवतो. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी, भातावरचा करपा आणि खताचे ढीग. भगवानआजा त्या बोलणाऱ्या साहेबाला उलट उत्तरं देतो, की बाबा, माझ्या बांधावर ये मग बोलू. त्याला कितीदा सांगितलं की पलीकडं ऐकू जात नाही, तो म्हणतो, ऐकत नाय तर बोलतो कशाला? गव्हाणचा माझा मामा आला की फक्त दर्यावरच्या वाऱ्याची बातमी ऐकतो आणि उठून जातो, मागून नाटक लागलं तरी वळून बघत नाही. नाटक म्हणजे नुसतं ऐकायचं नाटक. त्यात दार करकरलं की भगवानआजा मागं वळून चावडीच्या दाराकडं बघतो. गवयाचं गाणं लागलं की चावडी रिकामी होते, फक्त एकटा रामू तेली डोळे मिटून बसतो, आणि संस्कृतात काही लागलं की तोच हात जोडतो. कळत काही नाही, पण म्हणतो, देवाच्या भाषेत काहीही ऐकायला बरं वाटतं.

दुपारचा बायकांचा कार्यक्रम मात्र वाया जायचा. पुरुष बसलेल्या चावडीची पायरी बायका चढणार नाहीत. मग मी पेटीच उचलली, बॅटरी दुसऱ्या खांद्यावर, आणि आत्याच्या अंगणात नेऊन ठेवली. तुळशीरामकाका गरजले, सरकारी वस्तू आहे. मी म्हटलं, बायका पण सरकारच्याच आहेत की नाही? तेव्हापासून दर बुधवारी अंगण भरतं. एकदा आंब्याचा जॅम कसा करायचा ते सांगत होत्या. शेजारची सखूबाई म्हणाली, आमच्यात आंबा पिकेपर्यंत पोरं थांबली तर जॅम करू ना.

तर सांगायचं ते असं. दहा महिने ऐकून मला एक गोष्ट टोचायला लागली. या पेटीतून गुजराती येतं, कोकणी येतं, गोऱ्यांचं वाद्यांचं येतं, वऱ्हाडातल्या जात्यावरच्या ओव्या येतात, कामगारांसाठी वेगळं, पोरांसाठी वेगळं. आपल्या आगऱ्यांचा लग्नात गायचा धवला मी एकदाही ऐकला नाही. आणि माझी आत्या पनवेलच्या या अंगाला धवला गाणारी शेवटची. तुझ्या आईच्या लग्नाला तिनंच गायलं होतं, हळदीपासून वरात निघेपर्यंत, भटजी नाही की पोथी नाही. आता तिला दम लागतो. चार ओळी म्हटल्या की छातीवर हात ठेवते. शिकायला एक पोरगी येत नाही. मी मुंबई केंद्राला कार्ड टाकलं. शुद्धलेखन कसं होतं ते विचारू नकोस, पण त्यांनी वाचलं. माघ महिन्यात एक साहेब जीपनं आले, चांगला माणूस, चहा घेतला, आणि म्हणाले, वैशाखात दुसऱ्या सोमवारी टेपचं यंत्र घेऊन येतो, बाईंना तयार ठेवा. गावात नुसता धुरळा. कृष्णाबाई रेडिओवर गाणार, मुंबईला ऐकू येणार, तुळशीरामकाकांनी चावडीला चुना काढायला घेतला.

आणि आत्या नाही म्हणाली.

कारण तू जाणतेस. धवल्यात नवऱ्याचं नाव घ्यावं लागतं, नवरीचं घ्यावं लागतं, दोघांच्या गावांची नावं घ्यावी लागतात. लग्न नाही तर घ्यायची कुणाची? साहेबांनी समजूत काढली, म्हणाले, बाई, रामसीतेचं नाव घ्या, कुणाला वाईट वाटणार नाही. आत्या म्हणाली, “त्यांचं लगीन कवाच झालंय. मी त्यांना परत उभी करू का?” साहेब हसले, पण ती हसली नाही. मंडपाविना धवला म्हटला तर तो कुणाला तरी लागतो, असं तिचं म्हणणं.

मी हातावर हात ठेवून बसलो नाही. बाहुला-बाहुलीचं लग्न लावू म्हटलं, तिनं झाडू उचलला. तुळशीचं लावू म्हटलं, तर वैशाखात तुळशीचं लग्न लावणारा तूच पहिला, असं ऐकून घेतलं. मग आसपासची लग्नं शोधली. सायकलनं अकरा गावं हिंडलो. हिंडण्यात एक दिवस वाट चुकून तिसरीकडंच गेलो, तिथे कोंबड्यांची झुंज चालली होती, ते पुन्हा कधी. त्या सोमवारी एकाही घरी लग्न नाही, जिथे आहेत तिथे बेंडबाजा ठरलेला. साहेबांना दुसरा दिवस नाही, यंत्र पुढं कुठं कुठं जायचंय.

गेल्या मंगळवारी आत्या अंगणात तांदूळ पाखडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, मग माझंच नाव घे. सुपाचा आवाज थांबला. तिनं विचारलं, “आन् दुसरं?”

मी तुझं नाव सांगितलं.

ती सुपातले खडे वेचायला लागली. मला वाटलं तिला आनंद झाला असेल, तुझ्या घरी बोलणी तिनंच केली होती ना. मग मान वर न करता म्हणाली, “जगन, त्या पोरीला एकदा तंबूपायी सोडलीस. आता पेटीपायी आननार?”

वेणू, मला आजवर मार खूप बसला. तंबूच्या मालकानं एकदा खुंटीनं मारलं होतं. पण असं लागलं नव्हतं. कारण तिनं म्हटलं ते खरं होतं. त्या घटकेला माझ्या डोक्यात तू नव्हतीस, सोमवार होता. तू म्हणजे रिकाम्या जागेत भरायचं एक नाव. साखरपुड्याच्या आधीही मी असाच होतो, समोर जे नवीन लागलं त्याच्यामागं. तू तेव्हा साडीला जरीचा काठ लावून घेतला होतास, हे मला तुझ्या मैनामावशीनं पेणच्या तंबूत तिकीट काढताना सांगितलं होतं. मी तिला फुकट आत सोडलं आणि वाटलं, फिटलं.

आज सकाळी दुकानात यायच्या आधी पोस्टात गेलो आणि मुंबईच्या साहेबांना लिहिलं की त्या सोमवारी गाणं होणार नाही, यंत्र आणू नये, चूक माझी आहे. कार्ड पोस्टाच्या पेटीत टाकताना हात मागं आला, पुन्हा पुढं केला. तुळशीरामकाकांना आधीच सांगून आलोय. चुना अर्धा लागलेला. ते म्हणाले, गावाचं नाक कापलंस, बॅटरी घेऊन ये आणि किल्ली खाली ठेव. ठेवीन. आत्याचा दम वैशाखानंतर किती पुरेल, मला माहीत नाही. तिचा धवला कधीच कुठं उतरवून ठेवला जाणार नाही, असंही होईल. हे सगळं मी धरून चाललोय.

आता सोमवार नाही, यंत्र नाही, घाई नाही, तेव्हा विचारायला मोकळा झालो, आणि त्याच्याचसाठी हे पत्र. येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.नं मी चिरनेरला येतोय. आत्याला आणत नाही, कुणा वडीलधाऱ्याला पुढं करत नाही. तुझ्या बाबांच्या पाया पडेन, पण विचारणार तुला. माझ्याशी लग्न करशील का, एवढंच. हो म्हणालीस तर दिवस तू ठरव, या वर्षी नाहीतर पुढच्या, आणि त्या दिवशी आत्याच्या छातीत जेवढा दम असेल तेवढ्यात ती आपली दोन नावं घेईल. ऐकायला मांडवातली माणसं असतील, तेवढी पुरेत. नाही म्हणालीस तर मी पुन्हा पळणार नाही. सुकापुरात राहीन, भात लावीन, आणि संध्याकाळी किल्ली ज्याच्या गळ्यात असेल त्याच्या शेजारी चावडीत बसेन. तुला लगेच बोलायचं नसेल तर नको बोलूस. मी ओट्यावर थांबेन. आणि काळूराम, तू रविवारी कुत्रं सोडणार हे मी ओळखून आहे. सोड. शेवटची गाडी जाईपर्यंत मी तिथून हलत नाही.

तुझा म्हणवून घ्यायला येणारा,
जगन