हिरामणची चौथी चौकट

३ मार्च, सोमवार
आजपासून नवी नोकरी! जीन्सचे धागे तोडून बोटं निळी झाली होती, ते एकदाचं सुटलं. ऑफिस उल्हासनगरात कॅम्प तीनला, खाली जीन्सचाच कारखाना, पण वर आपल्याला पंखा आहे. वृंदा मॅडम मानसतज्ज्ञ आहेत. जेलमधून सुटलेल्या माणसांना बोलतं करतात, तेबी चित्रं काढायला लावून. कोरा कागद, स्केचपेनं, बोटाएवढ्या लाकडी बाहुल्या. समोर बसायचं नाही, बाजूला बसायचं. तोंडाकडं नाही, दोघांनी कागदाकडं बघायचं. घर काढ, वाट काढ, कोण कुठं होतं तिथं बाहुली ठेव. मग माणूस आपसूक बोलतो म्हणे. गडी बुजला तर आधी मी काढून दाखवायचं, पण मनानं रचलेलं घर, स्वतःचं नाही. गुन्हा काय ते विचारायचं नाही. रोजचं वहीत लिहायचं. सातवी नापासाला ऑफिसची वही!
गावाकडं, हिंगोलीला फोन केला. आई म्हणाली, चार महिन्यांतली चौथी नोकरी, हिला तरी चिकटून रहा. पायल शिलाई मशीनवरनं ओरडली, दादा साहेब झाला, आता मला मोबाइल पाहिजे.

१० मार्च
आज हिरामण आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. मला भाचेबुवा म्हणतो. पण एक सवय लई घाण. दर रेघेआधी स्केचपेनाचं टोक जिभेवर फिरवतो. जीभ निळी, मग हिरवी. कागदावर थुंकीची तार. नंबर टाकताना कागद बोटाला चिकटला, तीनदा साबण लावला तरी वास जाईना.
त्याचा हात काही चालेना. म्हणून आधी मी काढलं. रचलेलं घर सुचेना, आपलंच काढलं. लिंब, पुढचं दार, भिंतीवर बुद्धाचा फोटो. तो म्हणाला, भाचेबुवा, हात चांगलाय तुमचा.

१७ मार्च
मॅडम बाहेर फोनवर होत्या. हिरामण म्हणाला, आज तू सांग, मी काढतो. मग विचारत गेला. गाव कोणतं. आई कामाला कधी जाते. दुपारी घरी कोण. कडी कशी. मी सांगत गेलो. कडी बाहेरून सुतळी ओढली की निघते, हेबी सांगितलं, वर हसलो. इथं आल्यापासून घराचं कुणी विचारलंच नव्हतं.
पायलची बाहुली त्यानं कागदावरच्या शिलाई मशीनपाशी ठेवली. लाल पेन चाटून तिला रिबीन काढली. ओठ लाल झाले होते.

१८ मार्च
मॅडमनी कागद बघून विचारलं, हे घर कुणाचं? माझं, म्हणालो. त्यांनी आधी दार लावलं. मग हिरामणची फाइल दाखवली. भर दुपारी, आई कामावर गेलेल्या घरात एकटी पोरगी. गळा दाबला. बारा वर्षं आत होता.
संडासात जाऊन ओकलो. त्याला बोलतं करायला बसलो होतो, त्यानं मलाच केलं. स्वतःच्या तोंडाची किळस येते.
पोलीस म्हणाले, चित्र काढणं गुन्हा नाही. आईला कडी बदल म्हणालो. ती हसली, मुंबईकडं जाऊन भित्रा झालास म्हणाली. मॅडम म्हणाल्या, आता सगळं वेळ टाकून लिही, उद्या उपयोगी पडेल.

२४ मार्च, सकाळी ११
हिरामण आला नाही. दाराखालून कागद सरकवलेला. शनिवारी टाकला असणार, काल ऑफिस बंद. थुंकी वाळून फरशीला चिकटला होता, नखानं काढला. चार चौकटी.
पहिलीत एसटी. दुसरीत लिंब आणि घर. तिसरीत हात, सुतळी ओढणारा.
चौथी कोरी.

११.२०
घरचा फोन वाजतोय. उचलत नाहीत. आई रानात असणार. मॅडम तिकडच्या पोलिसांशी बोलतायत. शेजारचा मधूकाका बाजारात — पळत जातो म्हणाला — चार किलोमीटर —

११.४०
परत. नाही.

११.५५
जीप निघाली म्हणे. माझ्या नखात अजून त्याचं ते —

१२.१०
उचलला. पायल? पायल?
मशीनचा आवाज नाही. काहीतरी ओलं. चाटल्यासारखं —
तोच. गोड बोलतोय. म्हणतो, भाचेबुवा, बाजूला बसा, सांगा की, आता बाहुली कुठं ठे