शेजारचा आवाज

२ जून
आलो बाबा एकदाचे! घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे म्हणे, चालते कधी ते विचारू नये. दोन खोल्या, ऊन मात्र भरपूर. चिऊने येताक्षणी खिडकीजवळची खाट पटकावली आणि तिथूनच हुकूम सोडायला लागली. सहा वर्षांची आहे, पण तोंड साठीचं. नवरा जहाजावर, सामान लावायच्या वेळी नेमकं समुद्रात असणं त्याला लग्नापासून जमलंय.

माझ्या नव्या नोकरीचा कारखाना जवळच. तिथे आवाजाच्या डब्या बनतात: मुठीएवढी डबी, आत चिप. घरच्यांचे आवाज साठवायचे, बटण दाबून ऐकायचे. मालकांना मागून सगळे घाईसाहेब म्हणतात. भांडारातल्या ताईंनी चाचणीसाठी कोरी डबी दिली आणि बजावलं, की हिच्यात भोंग्याचे आवाज भरायचे, आपल्या माणसांचे नाहीत. का, ते त्यांनाही माहीत नाही. मी मान डोलावली.

५ जून
लोक डबीत दहा आवाज भरतात आणि ऐकतात एकच, बहुधा गेलेल्या माणसाचा. घोळ तिथेच आहे. चिपमध्ये आवाज भिंतीला भिंत लावून राहतात. एक ऐकला की शेजारच्यांना विजेचा बारीकसा धक्का बसतो. चार वेळा काही होत नाही. हजारो वेळा झालं की शेजारचा आवाज फाटतो. ज्याला ऐकतो तो ठणठणीत, ज्याला ऐकत नाही त्याचं नुकसान. उपाय आहे: शेजाऱ्याला वेळीच नव्या जागी उतरवून घ्यायचं, मग जुनी जागा पुसायची. पण तेवढा वेळ डबी गप्प बसते, आणि घाईसाहेबांना गप्प बसलेलं काहीच चालत नाही. चुका कमी करा, वेग तसाच ठेवा, म्हणाले. वा रे वा.

आधी उपाय बंद ठेवून चुका मोजायच्या. दिवसभर भोंगे कोण ऐकणार? मी आमचेच आवाज भरले. पहिला आईचा. ती गेल्या वर्षी गेली. फोनवर एवढंच उरलंय: जेवलीस का गं? शेजारी चिऊचा: मम्मा, ऐक ना, एक गंमत सांगते. गंमत राहिली, कारण मीच नंतर सांग म्हटलं होतं. तिसरा माझा, एक ते दहा मोजतानाचा.

११ जून
बटण दाबायचं यंत्र घरी आणलंय. ते दाबतं, मी ऐकते. जेवलीस का गं, जेवलीस का गं. इतकं बरं वाटतं की लाज वाटते. चिऊ शाळेतून आली, काहीतरी सांगायचं होतं तिला. मी हातानेच थांब म्हटलं. परत आली, परत थांबवलं. मग ती आलीच नाही.

१६ जून
डबीतला चिऊचा आवाज फाटला: मम्मा, ऐ— एक गं—. हवं तेच झालं, मी खूश. जेवताना चिऊ अगदी तशीच बोलली. मम्मा, ऐ— एक गं—. मी रागावले, नकला पुरे म्हटलं. पण तिचे डोळे भरले होते. ती नक्कल करत नव्हती.

१७ जून
डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे, जागा नवी आहे, बोलेल. मला माहीत होतं काय झालंय ते. यंत्र परत करून टाकलं.

१९ जून
आज दुपारी आईला ऐकलं. एकदाच म्हणून बटण दाबलं. मग पुन्हा. मग— मोजलं नाही. संध्याकाळी चिऊला मम्मा म्हणता येईना. नुसते ओठ. माहीत असून ऐकलं मी. कुठल्या तोंडाने सांगू हे कुणाला?

२१ जून
उपाय लिहून झाला. ऐकता ऐकताच शेजाऱ्याला थोडा थोडा नव्या जागी उतरवायचा. जुनी जागा मात्र डबी रिकामी असेल, काहीच वाजत नसेल, तेव्हाच पुसायची, म्हणजे कुणाला थांबावं लागत नाही. एकही चूक नाही, वेग तोच. घाईसाहेबांनी स्वतः चहा आणून दिला. मला फक्त चिऊ हवी आहे. आमच्या डबीत तो घातला.

२२ जून, सकाळ
उतरला! डबीतली चिऊ खणखणीत. मम्मा, ऐक ना, एक गंमत सांगते— आणि पुढे तिने गंमत सांगितली. सगळी. खुदकन हसली.

गंमत आम्ही कधी भरलीच नव्हती.

खाटेवरची चिऊ माझ्याकडे बघतेय. तिचा हात गार. तिच्यातून उशीवरची फुलं दिसतात.

नव्या जागी ती गेली. जुनी जागा ही. आणि जुनी जागा—

दुपार
घाईसाहेबांना फोन केला, थांबवायचं कसं? म्हणाले, तुम्हीच तर लिहिलंय, एकदा उतरवलं की पुसल्याशिवाय राहत नाही. सेल काढला तर चिऊचा श्वासच थांबला. लगेच घातला.

डबी रिकामी राहिली की पुसणार. म्हणून रिकामी ठेवायची नाही. आई वाजतेय. डाव्या हाताने बटण, उजव्याने हे. जेवलीस का गं. चिऊ अजून दिसतेय.

चिऊ हलली, तिची जागा पुसेपर्यंत दुसरं कुणी उतरत नाही; आईच्या शेजारी आता मी.

नंतर
खाटेचे पाय मोजले. एक, दोन— पुढचं काय असतं?

माझ्यामुळे. हे अजून येतं लिहायला. माझ्यामुळे.

जेवलीस का

चिऊ उठून आली. बाही ओढतेय. ओठ हलतायत. ऐक ना, म्हणतेय. तिची ती— हसायची ती— काय म्हणतात

ऐकते गं. आत्ता ऐकते. हे बटण तेवढं सो