ओटीवर मांडलेला समुद्र

३ जानेवारी २०१६
मयुरा वसईला परत गेली आणि पुस्तक इथेच विसरली! ऑपरेशन्स रिसर्च. विटेएवढं जाड. नात एवढं शिकते म्हणून छाती फुगली, पण आत नुसतं आकड्यांचं रान. पहिलं प्रकरण मात्र गोष्टीसारखं – ही विद्या जन्मली कशी, त्याचं. डिक्शनरी मांडीवर घेऊन बसले. बर्फाच्या डेपोवर पावत्या फाडता फाडता शिकलेलं माझं इंग्रजी. धाप लागते, पण चालतं.

महायुद्धाचा काळ. इंग्रजांनी बोलावलं कुणाला, तर शरीरशास्त्रवाले, गणितवाले, एक तारे बघणारा, एक जमीन मोजणारा! असल्या खिचडीने काय लढाई जिंकायची? पण त्यांनी नवी तोफ बनवलीच नाही. आहे तीच विमानं, तीच माणसं. काम प्रत्यक्षात कसं चालतं ते जाऊन बघितलं आणि मोजलं. आहे त्यातच जास्त कसं साधेल, एवढाच प्रश्न. मी जन्मभर बर्फ विकला, पण किती वितळतो ते कधी मोजलं नाही. आता हळहळ वाटते.

६ जानेवारी
भाऊजी चहाला. माझा दीर, जयवंत तांडेल – समुद्रातल्या गोष्टीत आमच्या वाढवण गावात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. "काय वहिनी, तुमची लढाई कुठवर आली?" वाचून दाखवलं. विमानं समुद्रावर पाणबुड्या शोधत फिरायची. इतके तास फिरली तर इतक्या दिसायला हव्यात, असं शास्त्रज्ञांनी गणित मांडलं. दिसत होत्या मात्र त्याहून फारच थोड्या! म्हणजे होत्या तिथेच – एक तर नजरेतून सुटत होत्या, नाहीतर विमान बघून आधीच बुडी मारत होत्या. मग विमानांची पोटं पांढरी रंगवली, आभाळात मिसळावीत म्हणून.

"रंगकामाला शास्त्रज्ञ!" भाऊजी एवढे हसले की बशीतला चहा लुंगीवर.

११ जानेवारी
मयुराचा फोन. "आजी, ते प्रकरण परीक्षेला येत नाही गं, मी वाचलंच नाही." म्हटलं, मी कुठे परीक्षेला बसत्ये!

१७ जानेवारी
तुषार मासेमारीहून काल दुपारी परत यायचा होता. भाऊजींचा मुलगा. सोबत खलाशी रघ्या. अजून पत्ता नाही, फोन लागत नाही. हवा धुरकट, किनाऱ्यापुढची खडपं, ती खडकांची रांग, सोडली की पुढचं अंधुक. कोस्टगार्डला कळवलंय. भाऊजी तर उजाडताच एकटेच होडी घेऊन गेले, कुणासाठी थांबले नाहीत.

संध्याकाळी आले. "खडपांच्या बाहेर सगळं बघितलं. तिथे नाही." एवढंच बोलले. नर्मदा – त्यांची बायको, माझी जाऊ – जेवली नाही.

१८ जानेवारी
आज सगळ्या होड्या उत्तरेला, उंबरगावच्या अंगाला. काही नाही. रघ्याची आई, काळी, तिकडे रानातल्या उधव्याहून आली, माझ्या ओटीवर बसून आहे. सगळे तुषार तुषार करतायत. ती एवढंच म्हणते, "माझा पोर पान्यातला नाय वो, रानातला." तिला जवळ घेतलं.

मग पुस्तक काढलं. हरवलेलं शोधायचं गणितही त्याच लढाईत निघालं. एक फेरी मारून सापडलं नाही, तर तिथे असण्याची शक्यता कमी होते. संपत नाही!

ओटीवर खडूने समुद्र काढला. येईल त्याला विचारलं – मशीन बंद पडली तर होडी कुठे जाईल? जो जिथे म्हणेल तिथे मूठभर तांदूळ. सगळ्यात मोठा ढीग खडपांच्या बाहेर. तुषारची जाळी तिथेच लागतात, ओहोटीही तिकडेच ओढते. आता जिथे जिथे शोधून झालं तिथला निम्मा ढीग उचलला. निम्माच – या धुरकटात एका फेरीत आणखी किती दिसणार? तरी खडपांबाहेर उरला तो ढीग बाकी सगळ्यांहून मोठा!!

उद्या होड्या गावातला जीवन नेणार. त्याला दाखवलं. कळलं त्याला, म्हणूनच तोंड उतरलं. "काकी, तिथे जयवंतदादा बघून आलेत. परत गेलो म्हणजे तोंडावर म्हटल्यासारखं – तुम्हाला दिसलं नाही. कोण जाईल?"

हेच ते! पुस्तकात हे कुठेच नाही. तांडेलाने, होडीच्या म्होरक्याने, बघितलेलं पाणी दुसऱ्याने बघायचं नाही. मानापायी गावाने तो सगळा ढीगच झाडून टाकला!

तशीच उठून गेले. भाऊजी जाळ्यापाशी बसलेले, हात थांबलेला. सांगितलं.

"म्हणजे मी खोटं बोललो?"

"खोटं कोण म्हणतंय? समुद्र केवढा, तुम्ही एकटे."

"वहिनी, घरी जा. तांदूळ निवडा."

लागलं. पण हलले नाही. म्हटलं, "भाऊजी, तुमच्यापुढे आवाज चढवला नाही कधी. आज चढवते. गावात कमीपणा आला तर माझ्यावर ढकला – म्हातारी चळली म्हणा. पण उद्या तिथे जा."

त्यांनी जाळं बाजूला सारलं. मग जीवनला हाक मारली. "उद्या खडपांच्या बाहेर. मीपण येतो."

१९ जानेवारी
जाताना जीवनला बजावलं – लांब पळू नका. नांगरटीसारखं जा, एक पट्टा संपला की लगतचा. दोन्ही अंगांना एकेक माणूस, त्याने दुसरं काही करायचं नाही, फक्त बघायचं.

सापडले! दोघेही! जिवंत! खडपांच्या बाहेरच, भरती-ओहोटीबरोबर पुढे-मागे होत राहिलेले. मशीन गेलेली. ओठ फुटलेत, रघ्याचे पाय सुजलेत. काळीने त्याला आधी दोन थपडा लगावल्या, मग सोडेचना. जीवन किनाऱ्यावरून ओरडला, "काकीचा तांदूळ शिजला!" सगळे हसले. भाऊजी नाही.

२१ जानेवारी
तुषारला पेज घेऊन गेले. नर्मदा विहिरीवर गेली तसा त्याने माझा हात धरला. "काकी, पहिल्या दिवशी बाबा आले होते. जवळून. मी शर्ट हलवला, रघ्या ओरडला. त्यांचं तोंड आमच्याकडेच होतं. बघून निघून गेले काकी."

त्यानंतरच्या दोन रात्री पोराने पाण्यात काय काय मनात आणलं असेल!

"धुरकट होतं रे."

"एवढं नव्हतं." भिंतीकडे वळला. "बाबांना बोलू नका."

२२ जानेवारी
सकाळी भाऊजी आले. बसले नाहीत. "वहिनी, त्या दिवशी मला हाक ऐकू आली होती. मशीन बंद केली, फिरलो. दिसेचना. वर्ष झालं, डोळ्यांना सगळं ताकात बुडाल्यासारखं दिसतं. शेवटी वाटलं भास असेल. आणि गावाला सांगितलं, बघितलं म्हणून." मग, "तुषारला कळू देऊ नका."

त्यांना बसवलं. कुंपणावरून तुषारला हाक मारली. दोघांपुढे चहा ठेवला आणि दूध आणायचं निमित्त करून घराबाहेर पडले.