मेंदूच्या फोटोला नेलेलं ओलं गवत

तुझ्या सुनेला, त्या नुबेला सांग, पुन्हा मला पत्र लिहिलंस तर दौतच तोंडावर ओतीन. एक नाही, दोन नाही, तीन पत्रं मी तुला घातली, आणि तिन्हींना उत्तर आलं नुबेचं. दर वेळी तेच. सासूबाई बऱ्या आहेत, तुम्हाला नमस्कार सांगतात. नमस्कार! सत्तर वर्षांत तू मला कधी नमस्कार सांगितला आहेस का गं? आईच्या मयताला मी लाल शाल पांघरून आले म्हणून चारचौघांत तासलंस, माझ्या नवऱ्याला त्याच्या तोंडावर भोपळा म्हणालीस, पण नमस्कार कधी नाही. म्हणजे पोरगी खोटं लिहिते, आणि तू अजून भिंतीकडे तोंड करून पडली आहेस. फेब्रुवारीपासून. आता ऑक्टोबर लागला. भिंतीलाही कंटाळा आला असेल.

असो. रीत ती रीत. माझ्या एकुलत्या एका, आणि म्हणून नाइलाजाने लाडक्या, धाकट्या बहिणीला होविताला, कुएन्काहून थोरल्या देल्फिनाचा आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? गिनीपिग किती उरले? (नुबे लिहिते अकरा. मी ईस्टरला आले होते तेव्हा एकोणीस होते. खातंय कोण? तू तर जेवत नाहीस म्हणतात.) आम्ही इथे बरे आहोत. माझी एल्विया जाड झाली, जावयाचं टक्कल चकचकीत झालं, आणि मी होते तशीच आहे. अक्षर मुंगीएवढं आलंय तिकडे लक्ष देऊ नकोस. कागद एकच आहे आणि सांगायचं पुष्कळ आहे.

तर झालं असं. इथल्या एका मोठ्या इस्पितळात मशीन आलंय. भट्टीत पाव सारावा तसं माणसाला त्यात सारतात आणि मेंदूचे फोटो काढतात. आजारीच असलं पाहिजे असं नाही. त्यांना तीन तऱ्हेची माणसं हवी आहेत: एक, ज्यांचे हातपाय ऐकत नाहीत ती, दोन, ज्यांचं मन मटकन खाली बसलंय आणि उठायचं नाव घेत नाही ती, आणि तीन, जी नुसतीच म्हातारी झाली आहेत ती. तिघांचे मेंदू शेजारी शेजारी मांडून काय फरक पडतो ते बघायचं. मी तिसऱ्यात गेले. एल्विया म्हणाली, आई, जेवण देतात. (दिलं. मका कच्चा होता आणि रश्श्यातली कोंबडी कुठल्या तरी दुसऱ्या खोलीतून नुसती चालत गेली असावी.)

आत जायच्या आधी अंगावरचं लोखंड काढायचं असतं. आता आपल्या एकावर एक नेसायच्या दोन घागऱ्यांना लोखंड किती लागतं ते तुला ठाऊक आहे. कमरेच्या पिना सात, शालीची एक, वेण्यांतले आकडे, कानातली, गळ्यातली मेरीमातेची पदकं दोन (एक माझं, एक भोपळ्याचं, देव त्याला सुखात ठेवो). नर्सचा ट्रे भरला. तिने विचारलं, आजी, अजून काही लोखंडी आहे का? मी म्हटलं, स्वभाव. हसली नाही. शहरातल्या पोरींना पगार हसू धरून देतात की वगळून, कोण जाणे.

पण होविते, काय आत न्यायचं नाही त्याची जी यादी दिली होती, तिच्यात गवत नव्हतं. मी एल्वियाकडून दोनदा वाचून घेतली. पिना होत्या, दात होते, घड्याळ होतं. आपण टोप्या विणतो ते गवत कुठेच नव्हतं. मग मी नेलं. अख्खी टोपी नव्हे, काठाचा एवढासा तुकडा, ओल्या रुमालात गुंडाळून, चादरीखाली. कोरडं गवत तुटतं, त्याला मी काय करू? आपण बाजाराला जाताना विणतो, मिरवणुकीत विणतो, पाद्रीबाबाचं प्रवचन लांबलं तर शालीच्या आत विणतो. रोलांदोच्या वेळी तू दोन कळांच्या मधे विणत होतीस. (त्या टोपीचा काठ वाकडा आला. पोरगाही तसाच निघाला. उत्तरेकडे अमेरिकेला गेला, सुखरूप पोचला, दर रविवारी फोन करतो, फोटोत गाल सुटलेले दिसतात. तो तिकडे फुगतोय आणि तू इकडे तो मेल्यासारखी वाळते आहेस. कुणीतरी त्याला सांगायला हवं की निदान थोडा तरी बारीक हो, आईची लाज राख.)

आत गेले. आवाज असा की दहा गवंडी एकाच भिंतीवर रागावले आहेत. डोळ्यांसमोर आरसा. हिरवा दिवा लागला की उजव्या हाताचं एकेक बोट अंगठ्याला टेकवायचं. लाल लागला की हात सोडून स्वस्थ पडायचं आणि कशाचाही विचार करायचा नाही. (कशाचाही विचार न करणारी बाई मी आमच्या विहिणीशिवाय दुसरी पाहिलेली नाही.) हिरव्याला मी सांगितल्याप्रमाणे केलं. लाल लागला की रुमालातला तुकडा घेतला आणि विणला. कंटाळा येतो गं नुसतं पडून. मग चेहरे दाखवले, हसणारे, चिडलेले, रडणारे. कोण काय करतंय ते बटण दाबून सांगायचं. सगळे परदेशी, न शिजलेल्या भातासारखे पांढरे. त्यात एक बाई होती. रडत नव्हती, हसत नव्हती, नुसती बघत होती. तिला कुठलं बटण दाबायचं ते मला कळेना. ईस्टरला तू दारात माझ्याकडे तशी बघितली होतीस.

तेवढ्यात गवंडी थांबले आणि मला बाहेर ओढलं. काचेपलीकडे डॉक्टर पेसान्तेस बसली होती (पोर गोड आहे, बत्तिसाव्या वर्षी बिनलग्नाची, माझा विचार चालू आहे). मला समजलं ते एवढं: हात हलवताना मेंदूची जी जागा पेटते, ती माझी हिरव्यापेक्षा लाल दिव्यालाच जास्त पेटत होती. असा मेंदू तिने पुस्तकातही पाहिला नव्हता. मशीन बिघडलं की काय म्हणून मिशीवाला कारागीर आला. त्याने ओली चादर पाहिली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, आजी, लाजू नका, ह्या वयात होतं असं. मी म्हटलं, तुझ्या आजीचं होत असेल, आणि चादर उडवली. बोटभर काठ विणून झाला होता! अंधारात, उताणी पडून, आणि टाका एक चुकला नव्हता. डॉक्टरीण हसता हसता स्टुलावर बसली. मग म्हणाली, आजी, आता गवताशिवाय पुन्हा एकदा.

ते झाल्यावर मी तिला विचारलं, काय दिसलं? म्हणते, एका फोटोवरून सांगता येत नाही, शेकडो लोकांचे पाहावे लागतात, वर्षं लागतात. मी म्हटलं, बाई, आमच्या बाजारात अंगावरून अंडं उतरवून पेल्यात फोडणारी दोन मिनिटांत सगळं सांगते. तर म्हणाली, आणि खरं निघतं? मला एकदम आठवलं, त्या अंडंवालीने तुला मार्चमध्ये सांगितलं होतं, वारा बाधलाय, शुक्रवारपर्यंत उठशील. मी गप्प बसले. (हो, मी. तारीख लिहून ठेव.) मग ती म्हणाली, पहिल्या तऱ्हेचे लोक येतात, तिसऱ्या तऱ्हेचे जेवणासाठी येतात, दुसऱ्यांच्या खुर्च्या मात्र रिकाम्याच राहतात. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही ते बस कशी पकडणार? मी म्हटलं, अशी एक माझ्या ओळखीची आहे. खेचराच्या जातीची.

फोटो दिला एक. सोललेला अक्रोड. एल्वियाने फ्रिजवर लावलाय. जावई म्हणाला, सासूबाई, ह्यात बोलण्याची जागा कुठली? मी म्हटलं, रिकामी दिसते ती सोडून सगळी.

इथे थांबते. नुबेला शिव्या, नातवंडांना पापे.

तुझी थोरली,
देल्फिना

ता. क. मी तुझं नाव दिलंय. येत्या गुरुवारी. लाउरो ड्रायव्हर सकाळी तुझ्या दारात बस थांबवील, त्याला सांगून ठेवलंय. डॉक्टरीण म्हणते, फोटो राहू दे नंतर, आधी बोलू. ह्यावर औषध असतं, माणसं उठतात. खेचराला ओढलं की मागे जातं, म्हणून मी ये म्हणत नाही. येऊ नकोस.

ता. क. दुसरा. कंटाळा आला म्हणून विणलं, हे खोटं. माझा उजवा हात रिकामा असला की थरथरतो, अंगठा आणि बोट, गोळी वळत असल्यासारखे. काम दिलं की गप्प होतो. लाल दिव्याला विणत होते ते त्यांना दिसू नये म्हणून. गवताशिवाय घातलं तेव्हा दिसलं. तिने कागदावर चार ओळी लिहायला लावल्या. अक्षर बारीक होतं तेही त्यामुळेच म्हणे, कागदाचा काही दोष नाही. मी तिसऱ्यात नाही, होविते, पहिल्यात आहे. एल्वियाला अजून सांगितलेलं नाही. तूही तोंड उघडायचं नाहीस. पुढचं विणणं मला अजून जमतं. टोपी जिथून सुरू होते ते माथ्यावरचं फूल मात्र जमत नाही. कधी जमलंच नाही. मला धीर नव्हता म्हणून आईने ते तुलाच शिकवलं, आणि पन्नास वर्षं तू फूल घालून पाठवलंस, मी काठापर्यंत नेलं. तुझी जानेवारीतली शेवटची दोन फुलं जूनमध्ये संपली. तो काठाचा तुकडा जुन्याच टोपीचा उसवून घेतला होता. आता हात रिकामा आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. उत्तर तू द्यायचंस. नुबेने नाही, शेजारणीने नाही, पाद्रीबाबाने तर नाहीच. लिहायचं नसेल तर लिहू नकोस. गुरुवारच्या बसमधून तू उतर, नाहीतर तळहाताएवढं फूल उतरू दे. सुनेचं घालून पाठवशील तर तुझी गाठ मी डोळे मिटून ओळखते. दोन्ही नाही आलं, तर मी ह्याच हाताने फूल घालीन, वाकडंतिकडं, आणि रविवारच्या बाजारात सगळ्या बायकांना दाखवून सांगेन, हे होविताने घातलंय.